पोळे राखून मध काढावा

(सत्तरी तालुक्यातील मधमाशीपालन प्रशिक्षण वर्गात ग्रामस्थ, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मला ‘पोळ्यातून मध काढण्याच्या पद्धती’ हा विषय देण्यात आला आहे. विषय ऐकताच आपणांपैकी कित्येकांच्या मनात येईल, की यात सांगण्यासारखे ते काय? पोळे उतरवावे, पिळावे, गाळावे आणि बाटलीत भरावे. आपले वाडवडील हेच करीत आले. त्यांचा अनुभव मोठा होता आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. परंतु त्यांच्या काळी रान दाट होते, झाडांच्या ढोलीत वसाहती पुष्कळ होत्या आणि मध खाणारी तोंडे थोडी होती. एक पोळे गेले तरी दुसरे सापडत असे. आज तशी स्थिती राहिलेली नाही. म्हणून मला आपणांपुढे एकच गोष्ट मांडावयाची आहे. मध कोणत्या रीतीने काढला यावर केवळ मधाची प्रत ठरत नाही. पुढील वर्षी त्या घरी मध येणार की नाही, हेही त्यावरच ठरते.

पोळे म्हणजे काय?

पद्धतींची तुलना करण्यापूर्वी पोळ्याची किंमत समजून घेतली पाहिजे. मध माश्या फुलांच्या मकरंदापासून तयार करतात, हे आपण जाणतो. परंतु ज्या मेणाचे पोळे बांधतात ते मेण त्या बाहेरून आणीत नाहीत. कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूस मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून पापुद्र्यांसारखे मेण पाझरते आणि ते चावून मऊ करून माशी षटकोनी घरे बांधते. हे मेण निर्माण होण्यासाठी तिला मध खावा लागतो. एक किलो मेण तयार होण्यास साधारणतः सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. तेव्हा आपण जे पोळे पिळून फेकून देतो, त्यात माश्यांनी अगोदरच कितीतरी मध घातलेला असतो.

शिवाय पोळे हे केवळ मधाचे कोठार नाही. त्याच्याच एका भागात राणी अंडी घालते, तेथेच अळ्या वाढतात आणि पराग साठविला जातो. घर, पाळणाघर आणि कोठार ही तिन्ही एकाच मेणाच्या भिंतींत असतात. कोठारातले धान्य काढताना पाळणा मोडू नये, एवढेच सगळ्या सुधारलेल्या पद्धतींचे सार आहे.

पहिली पद्धत : हाताने पिळणे

रात्री मशाल पेटवून माश्या पळवून लावावयाच्या, संपूर्ण पोळे उतरवावयाचे आणि फडक्यात घालून पिळावयाचे, ही जुनी रीत. हिला खर्च काही नाही, हेच हिचे आकर्षण. परंतु पिळताना मधाबरोबर अळ्यांचा रस, पराग आणि मेणाचा चुरा हे सर्व एकत्र येते. असा मध गढूळ दिसतो आणि त्याला आंबूस वास लवकर येतो. पोटातील अळ्यांसह पोळे गेल्यामुळे वसाहतीची एक पिढीच नष्ट होते. मशालीने हजारो कामकरी माश्या जळतात आणि कधी कधी वाळलेल्या रानास वणवा लागतो तो निराळाच.

याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एका घरी दोन मधपेट्या उत्तम चालल्या होत्या. उन्हाळ्याच्या अखेरीस मुलांच्या शाळेच्या खर्चासाठी पैशांची गरज होती. वरच्या कोठीतला मध काढून झाल्यावर घरच्यांनी खालची, पिल्लांची कोठीही उघडली आणि तिथली पोळीसुद्धा कापून पिळली. बाटल्या थोड्या अधिक भरल्या, वह्यापुस्तकांची सोय झाली. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा दोन्ही पेट्या रिकाम्या होत्या. आपली सातेरी माशी घर सुरक्षित नाही असे दिसताच ते सोडून निघून जाते. तिला थांबविणे कठीण. त्या घरातील माउली मला म्हणाल्या, “दोन बाटल्या जास्त मिळाल्या, पण दोन पेट्या गेल्या.” या एका वाक्यात माझे सगळे व्याख्यान आले आहे.

दुसरी पद्धत : मधाचा भाग कापून निथळणे

ही पिळण्याहून पुष्कळ चांगली रीत होय. पोळ्याचा केवळ मधाने भरलेला, मेणाच्या झाकणांनी बंद झालेला भाग धारदार सुरीने कापून घ्यावयाचा. पराग किंवा अळ्या असलेला भाग तसाच ठेवावयाचा. कापलेले तुकडे स्वच्छ भांड्यात कुस्करून पातळ मलमलीच्या फडक्यावर ठेवावे आणि मध आपल्या वजनाने खाली उतरू द्यावा. हात लावून पिळू नये. वेळ लागतो, काही मध मेणाला चिकटून राहतो. परंतु मध नितळ मिळतो आणि मेणही हाती येते. यासाठी सुरी, फडके आणि झाकणाचे भांडे यांपलीकडे काही लागत नाही. उणीव एवढीच, की कापलेला भाग माश्यांना पुन्हा बांधावा लागतो.

काही ठिकाणी हेच तुकडे चुलीवर वितळवितात. ही मोठी चूक आहे. मेण वितळण्यास सुमारे ६३ अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि भांडे थेट विस्तवावर असले म्हणजे मध त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्याचा रंग काळवंडतो, सुगंध उडतो आणि त्यातील उपयुक्त पाचक द्रव्ये नाश पावतात. निथळून उरलेला मेणाचा चोथा मात्र गरम पाण्यात वितळवून मेण अवश्य काढून घ्यावे.

तिसरी पद्धत : मधयंत्र

आता जी पद्धत पोळे न मोडता मध काढते, तिच्याकडे वळू. ही पद्धत शक्य होण्यासाठी दोन शोध लागावे लागले. पहिला हलत्या चौकटीच्या पेटीचा. अमेरिकेतील धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ यांच्या १८५१ मध्ये असे ध्यानात आले, की पोळे आणि पेटीची भिंत यांत सुमारे ३/८ इंचाची मोकळी वाट ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवीत नाहीत. त्यामुळे पोळे चौकटीसह बाहेर काढता व परत ठेवता येऊ लागले. आपल्या देशात फादर न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिरुचिरापल्लीच्या परिसरात आपल्या लहान माशीला मानवेल अशी लहान पेटी तयार केली आणि खेडुतांना शिक्षण दिले. ती पेटी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

दुसरा शोध यंत्राचा. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील निवृत्त अधिकारी फ्रान्झ फॉन ऱ्हुश्का यांनी १८६५ मध्ये ब्रनो येथील मधपाळांच्या संमेलनात असे यंत्र दाखविले. त्यांच्या लहान मुलाने पोळ्याचा तुकडा असलेले भांडे दोरीने गरगर फिरविले आणि मध बाहेर आलेला दिसला, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, तत्त्व तेच आहे. शेतात पाखरे हाकलण्यासाठी आपण गोफण फिरवितो. दोरी सुटताच दगड दूर जातो. मधयंत्रात पोळे फिरते, घरांतील मध बाहेरच्या दिशेने उडतो, पिंपाच्या भिंतीवर आपटून खाली ओघळतो आणि तोटीतून भांड्यात येतो. पोळ्याची घरे वरच्या बाजूस किंचित कललेली असतात म्हणून मध एरवी आपोआप सांडत नाही. त्याला बाहेर काढण्यासाठी हा वेग द्यावा लागतो. शिक्षकमित्रांनी वर्गात दोरी बांधलेला पाण्याचा पेला फिरवून दाखविला, तर मुलांना विज्ञानाचा धडा आणि मधपाळाचा धंदा दोन्ही एकदम कळतील.

यंत्राने मध काढण्याचा क्रम

मध काढण्याची चौकट वरच्या मधकोठीतलीच असावी. तिच्यातील निदान तीन चतुर्थांश घरांवर मेणाचे झाकण आलेले असले पाहिजे. झाकण ही मध पिकल्याची माश्यांनी दिलेली ग्वाही होय. शंका असल्यास चौकट आडवी धरून झटका द्यावा. थेंब पडले तर मध कच्चा आहे, ती परत ठेवावी. सध्याच्या खाद्य मानकांप्रमाणे मधात २० टक्क्यांहून अधिक पाणी चालत नाही. आपल्या दमट हवेत कच्चा मध काढला, तर तो आंबल्यावाचून राहत नाही.

सौम्य धूर देऊन, मऊ कुंचल्याने माश्या झाडून, चौकटी झाकणाच्या डब्यातून बंद खोलीत आणाव्या. उघड्यावर मध काढू नये. वासाने इतर पेट्यांतील माश्या धावून येतात आणि लुटालूट सुरू होते. दोन सुऱ्या गरम पाण्यात ठेवाव्या. एक कोरडी पुसून तिने झाकणांचा पातळ पापुद्रा कापावा. ती थंड झाली की दुसरी घ्यावी. यंत्रात समोरासमोर सारख्या वजनाच्या चौकटी लावाव्या, नाही तर पिंप थडथडते. प्रथम हळू फिरवून एका बाजूचा निम्मा मध काढावा, चौकट उलटून दुसरी बाजू पूर्ण करावी, मग पुन्हा पहिली. रिकामी पोळी त्याच दिवशी संध्याकाळी पेटीत परत द्यावी. माश्या त्यांची डागडुजी करून पुन्हा मध भरू लागतात. फुलोरा चालू असेल, तर त्याच हंगामात दुसऱ्यांदा मध मिळू शकतो.

काढलेला मध कापडातून गाळून दोन-तीन दिवस झाकून स्थिर ठेवावा. फेस व मेणाचे कण वर येतात, ते काढावे आणि कोरड्या बाटल्या भरून घट्ट बुचे लावावी. मध हवेतील ओलावा शोषून घेतो, म्हणून हे काम पावसापूर्वी संपवावे. मध पाण्याहून जड असतो. एका लिटरच्या बाटलीत सुमारे १.४ किलो मध मावतो. बाटलीवर विकणाऱ्याने व घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

यंत्रातही दोष आहेत

यंत्र आले म्हणजे सर्व काही साधले, असे मात्र नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका वयस्क शेतकऱ्याच्या अंगणात प्रात्यक्षिक दाखवीत होतो. चौकटीतील पोळे नवे, कोवळे होते. त्याला तारेचा आधार नव्हता. माझ्या हाताला घाई होती. मी मूठ जोराने फिरविली आणि दोन पोळी फुटून पिंपात मध, मेण व लाकूड यांचा काला झाला. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, “साहेब, आम्ही हाताने पिळतो तेव्हा निदान पोळे पिळले हे आम्हांला ठाऊक असते.” त्या दिवशी मी शिकलो, की सुधारणा यंत्रात नसते, ते फिरविणाऱ्या हातात असते. तेव्हापासून नव्या पोळ्याच्या चौकटीला तार आणि मेणपत्रा असल्याखेरीज मी ती यंत्रात घालीत नाही.

यंत्राला पैसे पडतात, जागा लागते आणि ते धुवावे लागते. मध आम्लधर्मी असल्याने गंजणाऱ्या पत्र्याचे यंत्र उपयोगी नाही. न गंजणाऱ्या पोलादाचेच घ्यावे. एक यंत्र अनेकांनी वापरले आणि ते नीट धुतले नाही, तर रोगाचा प्रसार होण्याचा धोका असतो. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सातेरी माश्यांच्या अळ्यांवर थाई सॅकब्रूड या विषाणूची साथ आली आणि असंख्य वसाहती नष्ट झाल्या. म्हणून प्रत्येक घरच्या मधानंतर यंत्र व सुऱ्या गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळविण्याचा नियम पाळावा.

अलीकडे एक निराळी युक्तीही निघाली आहे. ऑस्ट्रेलियातील अँडरसन पितापुत्रांनी २०१५ मध्ये अशी चौकट बाजारात आणली, की किल्ली फिरविताच तिच्यातील घरांच्या भिंती सरकतात आणि मध नळीवाटे बाहेर येतो. कल्पना चतुर आहे. परंतु ती महाग असून युरोपीय माशीच्या मापाची आहे. सातेरीची घरे त्याहून लहान असतात. आपल्या पेट्यांसाठी तिचा मोह धरण्याचे कारण नाही.

कोणी कोणती पद्धत घ्यावी?

ज्याच्या घरी एक-दोन पेट्या आहेत, त्याने यंत्रासाठी कर्ज काढू नये. मधाचा भाग कापून निथळण्याची रीत त्याला पुरेशी आहे. किंवा शेजाऱ्यांच्या मधयंत्राचा लाभ घ्यावा. गावात सर्वांच्या मिळून दहा-पंधरा पेट्या झाल्या, की स्वयंसहाय्य गटाने किंवा सहकारी संस्थेने हाताने फिरवावयाचे दोन अगर चार चौकटींचे एक यंत्र सामाईक घ्यावे. ते कोणी, कोणत्या दिवशी वापरावयाचे आणि धुण्याची जबाबदारी कोणाची, हे वहीत लिहून ठेवावे. सामाईक वस्तू मोडते ती वापराने नव्हे, बेपर्वाईने. महाबळेश्वरच्या परिसरात मधमाशीपालन दीर्घकाळ रुजले आहे आणि २०२२ मध्ये तेथील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. एकट्या घराला जे परवडत नाही ते गावाला परवडते, हा धडा आपल्या डोंगराळ गावांनीही घेण्यासारखा आहे.

रानातील आग्या माशीचे पोळे यंत्रात घालता येत नाही. तेथे कापून निथळण्याचीच रीत योग्य. आग्या माशीचे पोळे एकच, मोठे व उघड्यावर असते. मध त्याच्या वरच्या, फांदीला लागून असलेल्या जाड भागात असतो आणि अळ्या त्याच्या खाली. जाणते मधकाढे या जाड भागाला मधाचा कांदा म्हणतात. तेवढाच कापला आणि अळ्यांचा भाग शाबूत ठेवला, तर फुलोरा असेपर्यंत माश्या तो पुन्हा भरतात. परंतु आग्या माशीचा हल्ला प्राणघातक ठरू शकतो. संरक्षक पोशाख आणि जाणत्याचे शिक्षण यांवाचून कोणीही हे धाडस करू नये. अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पोळ्याला हात लावू नये.

माश्यांचा वाटा

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पद्धत कोणतीही असो, किती मध काढावा याला मर्यादा हवी. आपल्याकडे काजू, जांभूळ व रानातील इतर झाडांचा फुलोरा उन्हाळ्याबरोबर ओसरतो आणि मग पावसाचे चार महिने माश्यांना बाहेर फारसे काही मिळत नाही. त्या काळासाठीच त्यांनी साठा केलेला असतो. गाईची धार काढताना आपण वासरासाठी एक सड राखतो. तसेच पिल्लांच्या कोठीतील मध हा माश्यांचा वाटा समजावा आणि त्याला कधीही हात लावू नये. शेवटच्या काढणीत वरच्या कोठीतीलही एखादी भरलेली चौकट राहू द्यावी. पावसाळ्यात पेटी हलकी लागली, तर समभाग साखर व पाणी यांचा पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्यावा. बाजारातून आणलेला मध मात्र माश्यांना कधीही घालू नये; त्यातून रोग येऊ शकतो.

अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे, की पेट्या वाटताना त्यांच्यासोबत प्रशिक्षण व गावाला एक मधयंत्र देण्याचा विचार व्हावा. नुसत्या पेट्यांची संख्या अहवालात चांगली दिसते. परंतु दोन पावसाळ्यांनंतर त्यांपैकी किती पेट्यांत माश्या आहेत, हा खरा हिशेब होय. शिक्षकमित्रांनी मुलांना हे पटवून द्यावे, की पोळे दिसले म्हणजे दगड मारावयाचा नसतो.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, पिळलेल्या पोळ्याचा मध एकदा मिळतो. राखलेल्या पोळ्याचा मध वर्षानुवर्षे मिळू शकतो. येत्या हंगामात मधपेटी उघडाल तेव्हा हातात सुरी घेण्यापूर्वी एक क्षण थांबावे आणि हे पोळे माश्यांना परत देता येईल ना, एवढे स्वतःला विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर आपली पद्धत बरोबर आहे असे खुशाल समजावे.